हळदीतला किडा पुस्तकात

मी बचत गटांची समन्वयक. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात त्या हप्ते, पासबुक आणि बैठकीच्या वहीमुळे. आज त्यातलं काही बोलणार नाही. आज किड्यांबद्दल बोलणार आहे. आमच्याच गटाच्या एका चुकीतून हे मी शिकले, म्हणून आधी ती चूक सांगते.

आमच्या गटाचा मसाल्याचा उद्योग आहे. हळद, धणेपूड, कांदा-लसूण मसाला. सुरुवातीला माल ठेवायला जागा नव्हती. गावातल्या वाचनालयाची मागची खोली रिकामी पडलेली. महिना पाचशे रुपयांत ती मिळाली आणि आम्ही खूश झालो. हळकुंडांची आणि धण्यांची पोती तिथं रचली. खोली आणि वाचनालय यांच्यामध्ये एक लाकडी दार. दार बंदच असायचं, पण खालून बोटभर फट होती. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमाराला पोती उघडली, तर तळाला पिवळा भुगा आणि त्यात बारीक तपकिरी किडे. हळकुंड हातात घेतलं की त्याला सुईनं टोचल्यासारखी भोकं. दोन पोती फेकून द्यावी लागली. खोली झाडली, बाकीचा माल वाळवला, चाळला. झालं, संपलं असं वाटलं.

संपलं नव्हतं. पौषात वाचनालयाच्या ग्रंथपाल काकांनी मला बोलावलं. म्हणाले, "ताई, जरा बघा हे." त्यांच्या हातात एक जाड वही होती. आमच्या गावच्या शाळेत पूर्वी एक बाई होत्या. पन्नासेक वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी घरोघरी जाऊन बसायच्या आणि बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायच्या. कुणी सांगितली, कोणत्या आळीतली, सगळं नावानिशी. त्या ओव्यांच्या वहीला पुढं कुणीतरी पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली आणि ती वाचनालयात ठेवली. तशी दुसरी प्रत कुठं नाही. त्या वहीच्या पाठीपासून आतपर्यंत गोल भोकं पडली होती. एकाच्या खाली एक, पन्नास-साठ पानांतून आरपार.

काका म्हणाले, "वाळवी लागली. उद्या फवारणीवाल्याला बोलावतो, सगळ्या कपाटांवर एकदाच मारून घेऊ."

मला ती भोकं ओळखीची वाटली. घरी गेले, फेकायला काढलेलं एक हळकुंड घेऊन आले आणि पानाशेजारी ठेवलं. भोक तेवढंच, तसंच गोल. काका गप्प झाले. मीही गप्प झाले, कारण पुढचं बोलायचं तर ते आमच्या गटावरच येत होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना दाखवलं. त्यांनी भिंगातून दोन्हीकडचे किडे पाहिले आणि सांगितलं, "भुंगेरा आहे हा. मसाल्यालाही लागतो, पुस्तकालाही. वाळवीचा काही संबंध नाही." मी विचारलं, "सर, आमच्या हळदीतून पुस्तकात गेला की पुस्तकातून हळदीत आला?" ते म्हणाले, "ते आता सांगता येणार नाही. हा उडतो. पण खायला भरपूर माल तुम्ही शेजारी आणून ठेवलात, एवढं नक्की."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला एक गोष्ट पटली. औषध नंतर. आधी कोण खातंय ते ओळखायचं. आणि ते ओळखण्यात आपण बायका मागं नाही. तांदळातला सोंडा, पिठातली अळी, गव्हातला टोका आपण अंधारातही ओळखतो. पुस्तक खाणारे किडेही आपल्या घरातलेच आहेत. फक्त ताट बदललंय. म्हणून आता एकेकाची ओळख करून देते. कागद-पेन असेल तर घ्या.

पहिला हा भुंगेरा. लोक ज्याला पुस्तकी किडा म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. रंग तपकिरी, पाठ फुगीर, डोकं खाली घातलेलं. याच्यात दोन सख्ख्या बहिणींसारख्या दोन जाती आहेत. एकीच्या पाठीवर बारीक रेघा असतात, दुसरीची पाठ गुळगुळीत. दोघीही हळद, धणे, मिरची, तंबाखू, बिस्किटं आणि पुस्तकाच्या बांधणीतली खळ खातात. खळ म्हणजे मैद्याची किंवा पिठाचीच. किड्याच्या दृष्टीनं पुस्तकाची पाठ म्हणजे भाकरीचा तुकडा.

यात लक्षात ठेवायचं ते हे. नुकसान करते ती अळी. पांढरी, वाकडी, आत बसून पोखरते. मोठा झालेला भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा एक जण जेवून निघून गेलेला असतो. आत आणखी आहेत का, हा खरा प्रश्न. त्याची परीक्षा सोपी आहे. पुस्तक हलक्या हातानं झाडून, पुसून घ्या. पांढऱ्या कागदावर ठेवा. दहा-पंधरा दिवस हलवू नका. नंतर कागदावर पिठासारखा ताजा भुगा पडलेला दिसला, तर कीड जिवंत आहे. थंडीत किड्यांची हालचाल मंदावते, तेव्हा महिनाभर वाट पाहा. भुगा पडलाच नाही, तर भोकं जुनी आहेत. मग उगाच घाबरून औषध मारू नका.

दुसरी कसर. ही तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. रुपेरी, मासोळीसारखी, डोक्याकडे रुंद आणि शेपटीकडे निमुळती, शेवटी तीन केस. दिवा लावला की सुळकन पळते. पंख नसतात. कांजी केलेली सुती साडी कपाटात तशीच राहिली की तिला ही लागते, कारण तिला कांजी हवी असते. पुस्तकातही ती खळ आणि कागदाच्या वरचा चकचकीत थर शोधते. ही भोक पाडत नाही, खरवडते. पान वरून खरवडल्यासारखं, पातळ झालेलं, कडा कुरतडलेल्या, मध्येच वेडीवाकडी छिद्रं, असं दिसलं की कसर समजा. जुने फोटोही ती खाते. कसर म्हणजे ओल आणि अंधार. या दोन गोष्टी काढल्या की ती कमी होते.

तिसरी वाळवी. हिची भीती सगळ्यांना, आणि ती खरीही आहे. पण प्रत्येक भोकाला वाळवी म्हणू नका. वाळवी गोल भोकं पाडत नाही. ती जमिनीतून, भिंतीतून मातीची नळी बांधत येते. ती नळी भिंतीवर, कपाटाच्या पायावर, पुस्तकांच्या मागं दिसते. पुस्तक बाहेरून चांगलं दिसतं, उचललं की हलकं लागतं, आणि उघडलं तर आत माती आणि पोकळी. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जी पंखवाली पाखरं येतात, त्यात वाळवी आणि पंखवाली मुंगी दोन्ही असतात. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मोठे. वाळवीची कंबर जाड, सरळ, आणि चारही पंख सारख्या लांबीचे. असे गळालेले पंख वाचनालयाच्या खिडकीत दिसले, तर लगेच भिंती तपासा. वाळवीचा इलाज पुस्तकावर करायचा नसतो, जमिनीवर आणि भिंतीवर करायचा असतो. ते काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या. आणि तोवर पुस्तकं त्या खोलीतून हलवा.

चौथं झुरळ. कापडी बांधणी वरवर खाल्लेली, ठिपक्याठिपक्यांनी रंग गेलेला, शेजारी काळे बारीक डाग आणि वास. काही सांगायला नको, स्वयंपाकघरातलंच आहे. वाचनालयात चहा-बिस्किटं ठेवली की येणारच.

पाचवी अगदी बारीक. टाचणीच्या डोक्याहूनही लहान, फिकट, पानावर धूळ पळतेय असं वाटतं. तिला पुस्तकातली ऊ म्हणतात, पण ती चावत नाही. पावसाळ्यात रव्यात, पिठात हीच दिसते. ती मुख्यतः डोळ्यांना न दिसणारी बुरशी खाते. म्हणून तिला मारत बसण्यापेक्षा तिचा निरोप ऐका. ती सांगते आहे, इथं ओल आहे.

आणि एक निरपराध. पुस्तकांच्या मागं, कधी पुस्तकाच्या पाठीच्या पोकळीत मातीचा कडक गोळा दिसतो. ते कुंभारीण माशीचं घर. लोक त्यालाच वाळवी समजून घाबरतात. वाळवीची माती लांब नळीसारखी पसरत जाते, कुंभारणीचा गोळा एका जागी असतो. ती कागद खात नाही. गोळा अलगद काढून टाका, झालं. कोळ्याचंही तसंच. तो पुस्तक खात नाही, पण जाळं भरपूर असेल तर त्याला भक्ष्य भरपूर मिळतंय, हे ध्यानात घ्या.

आता आम्ही काय केलं ते सांगते. फवारणीवाल्याला नको म्हणून कळवलं. पुस्तकावर थेट कीटकनाशक मारलं तर कागदाला, शाईला डाग पडतात. आतली अळी मरेलच असं नाही, आणि ते औषध नंतर वाचणाऱ्याच्या बोटाला लागतं. त्याऐवजी सरांनी सुचवलं, थंडीचा उपाय करा. गावातल्या आइस्क्रीमच्या दुकानातला मोठा डीप फ्रीजर हिवाळ्यात निम्मा रिकामा होता. दुकानदार भाऊ आधी हसले, मग म्हणाले, "ठेवा, पण बांधून ठेवा." भोकं पडलेलं एकेक पुस्तक जुन्या स्वच्छ कापडात गुंडाळलं, वर जाड प्लास्टिकची पिशवी, आतली हवा दाबून काढली आणि चिकटपट्टीनं घट्ट बंद केलं. फ्रीजर उणे १८ अंशांवर. दोन आठवडे तिथं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची. नाहीतर थंड पुस्तकावर दव धरतं, जसं थंड तांब्यावर बाहेरून पाणी सुटतं. पिशवी बंद असली की पाणी प्लास्टिकवर राहतं. अंडी, अळी, भुंगेरा, सगळं यात मरतं.

हा उपाय साध्या कागदी पुस्तकांसाठी आहे. ताडपत्र, चामड्याची बांधणी, रंगीत चित्रांची पोथी, जुना फोटो फ्रीजरमध्ये घालू नका. ती पिशवीत बंद करून बाजूला ठेवा आणि जाणकाराला विचारा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत हजारो हस्तलिखितं आहेत. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जुना कागद सांभाळणं हे अशा ठिकाणी रोजचं काम असतं.

काही सवयी मात्र आपण मोडायला हव्यात. आपण पापड, कुरडया, गाद्या उन्हात घालतो, तशी पुस्तकंही घालतो. कडक उन्हानं शाई उडते आणि कागद कडकडीत होऊन मोडतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडुनिंबाचा ओला पाला कपाटात घालू नका. पाल्याबरोबर ओल आत जाते. पूर्णपणे सुकवलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. आपल्या आज्या हेच करायच्या. पण वेखंडानं कीड लांब राहते, आत बसलेली अळी मरत नाही. तो राखणदार आहे, वैद्य नाही. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. शिवाय त्यांचा वास बंद खोलीत माणसाला, विशेषतः लहान मुलांना, चांगला नाही.

आणि जुनी पोथी हाताळताना बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. आपण म्हणतो ना, अमक्यानं नियमाला हरताळ फासला. हरताळ हे पिवळं खनिज आहे. पोथीत चूक झाली की त्यावर हरताळ फासून अक्षर झाकत. कीड लागू नये म्हणूनही ते कागदाला लावत. त्यात सोमल, म्हणजे विष असतं. बांधणीच्या खळीत मोरचूद घालायची पद्धतही होती. तेव्हा पोथी हाताळून झाली की हात धुवा. झाडताना नाकातोंडाला पदर किंवा मास्क लावा.

एवढं सगळं करून एक गोष्ट राहिली होती. ती सगळ्यात अवघड निघाली. मागची खोली रिकामी करायची. बैठकीत विषय काढला तर एक ताई म्हणाली, "पुस्तकं काय आपल्याला खायला घालतात?" तिचं चूक नव्हतं. दुसरी जागा महिना नऊशे रुपये मागत होती. चारशे रुपये जास्त, म्हणजे वर्षाचे चार हजार आठशे. आमच्या उद्योगात ती रक्कम लहान नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी ती वही काढली आणि त्यातली नावं वाचायला लागले. फक्त नावं. वरची आळी, खालची आळी, कुंभारवाडा. चौथ्या-पाचव्या नावाला तीच ताई म्हणाली, "थांबा, ही माझी आजेसासू." ठराव झाला. पुढच्या आठवड्यात पोती हलवली. आता हळद हवाबंद पिंपात असते आणि दर पंधरा दिवसांनी उघडून पाहतो. माल खराब व्हायचा थांबला, त्यामुळं वाढीव भाडं अंगावर आलं नाही.

वाचनालयातही थोडे बदल केले. दाराच्या फटीला पट्टी ठोकली. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढली, म्हणजे मागं वारा फिरतो आणि वाळवीची नळी आली तर दिसते. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवला. पावसाच्या दिवसांत खिडक्या बंद, कोरड्या उन्हाच्या दिवशी उघड्या. नवं किंवा कुणी भेट दिलेलं जुनं पुस्तक आलं की ते लगेच कपाटात जात नाही. पंधरा दिवस वेगळं, पांढऱ्या कागदावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी गटातल्या दोघी जणी येतात आणि कप्प्यांवरून नजर फिरवतात. काय दिसलं, कुठं दिसलं, तारीख, एवढं एका वहीत लिहितात. बचतीच्या नोंदीसारखीच ही नोंद.

आता त्या ओव्यांच्या वहीचं सांगते. कीड मेली, पण भोकं राहिली. जिथं भोक, तिथं शब्द नाही. वहीतली नावं बघता बघता कळलं की त्यातल्या एक आजी अजून आहेत, नव्वदीला टेकलेल्या. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही. मी ओवी वाचायची आणि भोकापाशी थांबायची. आजी डोळे मिटून हात गोल फिरवायच्या, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, आणि पुढचा शब्द आपोआप यायचा. तीन दुपारी बसलो. त्यांच्या स्वतःच्या सगळ्या ओव्या भरून निघाल्या. दुसऱ्या बायकांच्या काही आल्या, काही नाही आल्या. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "ती तिची ओवी होती पोरी, ती मला कशी येईल?" ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे. नंतर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तो आधीच काढायला हवा होता.

मैत्रिणींनो, इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांत हिंडून जुने कागद गोळा करत होते. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली छापला. ते कागद लोकांच्या घरातच पडून होते. आजही तुमच्या-माझ्या घरी माळ्यावर एखादी पेटी आहे. तिच्यात पोथी असेल, आजोबांचा शाळेचा दाखला असेल, मोडीतलं खरेदीखत असेल, आजीचा एकुलता एक फोटो असेल. कुणाच्या तरी दाखल्यासाठी जुनी नोंद शोधायची वेळ येते तेव्हा किती धावपळ होते, हे आपण पाहतोच. नोंद सापडली आणि नेमकं नावावरच भोक असलं, तर काय करायचं?

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. डबे घासाल, भांडी घासाल. त्यातला एक तास त्या पेटीला द्या. घाईनं झटकू नका. आधी बघा. भोक गोल आहे की पान खरवडलेलं आहे? भुगा आहे की माती आहे? कोरडं आहे की ओल आहे? एवढ्या तीन प्रश्नांवरून खाणारा कळतो. कळला की घाबरायचं कारण राहत नाही. आणि कागदांचे फोटो काढून ठेवायला घरातल्या लेकी-नातवंडांना बसवा.

पुढच्या बैठकीला येताना कुणाला काय सापडलं ते सांगा. किडा सापडला तर तोही काडेपेटीत घालून आणा. भिंग मी घेऊन येते.